रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे

गेले काही महिने नातेवाईकांकडून एकच प्रश्न येतोय, "तुझं ते आर का काय ते, शिकून झालं का?" फोनवर विचारतात, लग्नात पंगतीला बसलं की विचारतात. विचारताना चेहऱ्यावर कौतुक कमी आणि काळजी जास्त असते. निवृत्तीला चार वर्षं राहिलेली, मराठी माध्यमातून शिकलेली, भूगोल शिकवणारी बाई आता कॉम्प्युटरला आज्ञा कशाला देत बसलीये, असा त्यातला भाव. दुसरीकडे ब्लॉगवाली मित्रमंडळी विचारतात की कोडिंग अजिबात न येणाऱ्या माणसाला हे खरंच जमतं का, आणि जमलं तरी त्याचा उपयोग काय.

दोन्हीकडच्या मंडळींना एकदाच उत्तर द्यावं म्हणून ही पोस्ट. जरा लांबेल, चहा घेऊन बसा. :)

माझं मत आधीच सांगून टाकते. ज्याला ज्याला आकड्यांशी काम पडतं, मग तो संशोधन करणारा विद्यार्थी असो, शिक्षक असो, शेतीच्या नोंदी ठेवणारा असो, त्याने आर शिकावं. कोडिंगचा 'क' येत नसला तरी शिकावं. नोकरी मिळेल म्हणून नाही, 'डेटा सायन्स' हा शब्द सध्या फार चालतो म्हणूनही नाही. कारण साधं आहे. आपल्या नोंदींमध्ये जिथे माहिती नाही तिथे आपण काय केलं, हे ही भाषा आपल्याला लिहून द्यायला लावते. आणि ते न लिहिता पुढे जाण्याची सवय आपल्याकडे भयंकर आहे.

आता नातेवाईकांसाठी थोडी ओळख. आर ही संख्याशास्त्राची कामं करण्यासाठी बनवलेली भाषा आहे. सरासरी काढणं, आलेख काढणं, दोन गोष्टींचा संबंध तपासणं वगैरे. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोन प्राध्यापकांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ती तयार केली. दोघांच्याही नावाचं पहिलं अक्षर आर, म्हणून आर. शिवाय त्याआधी अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ पासून 'एस' नावाची भाषा घडवली होती, तिच्या नावावरची ही थोडी गंमत. १९९५ मध्ये त्यांनी ती सगळ्यांसाठी मुक्त केली आणि २९ फेब्रुवारी २००० ला तिची १.० आवृत्ती आली. आज तिच्यासाठी जगभरातल्या लोकांनी लिहिलेली २० हजारांहून जास्त पॅकेजेस आहेत. सगळं फुकट. साध्या लॅपटॉपवर चालतं. फुकट आहे हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर म्हटलं की एसपीएसएस आठवतं आणि त्याचा परवाना विकत घ्यायचा म्हटला की विद्यार्थ्याच्या पोटात गोळा येतो.

हे सगळं लांबच्या देशातलं वाटत असेल तर तसंही नाही. पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात शिकवणाऱ्या सुधा पुरोहित, शरद गोरे आणि शैलजा देशमुख या तिघांनी आर वापरून संख्याशास्त्र कसं करायचं यावर २००८ मध्येच इंग्रजीत पाठ्यपुस्तक लिहिलं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात आरचे पाठ मोफत पाहायला मिळतात आणि त्या प्रकल्पातले पुष्कळ पाठ मराठीतही आहेत. म्हणजे दार उघडं आहे. आत जायला आपण बिचकतो, एवढंच.

बिचकण्याचं कारण मला समजतं. आर उघडलं की समोर एक पांढरी खिडकी येते, त्यात एक छोटंसं चिन्ह आणि लुकलुकणारी उभी रेघ. मेनू नाही, चित्रं नाहीत. 'बोला, काय हुकूम आहे' असं म्हणून जिनी उभा आहे, पण हुकूम कोणत्या भाषेत द्यायचा ते आपल्याला माहीत नाही, अशी अवस्था. त्यात हा जिनी फार शिस्तीचा. इंग्रजीतलं मोठं अक्षर आणि छोटं अक्षर त्याच्या लेखी वेगळं. सरासरीची आज्ञा 'मीन' छोट्या एमने लिहिली तर चालते, मोठ्या एमने लिहिली तर 'असं काही मला सापडत नाही' म्हणून मोकळा. कंस उघडला आणि बंद केला नाही तर तो रागावत नाही, नुसतं अधिकचं चिन्ह दाखवून वाट पाहत बसतो. नवशिक्याला वाटतं कॉम्प्युटर बंद पडला. खरं तर तो तुमचं वाक्य पूर्ण होण्याची वाट बघत असतो. एस्केपचं बटण दाबलं की सुटका होते.

या सगळ्याला लोक 'कोडिंग' म्हणतात आणि घाबरतात. मला ते शाळेतल्या व्याकरणासारखं वाटलं. कर्ता, कर्म, क्रियापद. आज्ञेचं नाव म्हणजे क्रियापद, कंसातली माहिती म्हणजे कर्म, आणि स्वल्पविराम देऊन पुढे जे लिहायचं ते 'कसं' आणि 'किती'. ज्यांनी संस्कृतचे शब्द पाठ केलेत, किंवा आजीकडून गोधडीच्या टाक्यांची शिस्त शिकलीये, किंवा दुकानाची रोजकीर्द आणि खतावणी लिहिलीये, त्यांना यात परकं असं काही नाही. पहिले दोन आठवडे त्रास होतो. नंतर हात बसतो.

पण नवशिक्यांना मला एक वेगळीच गोष्ट सांगायचीये. पुस्तकातल्या उदाहरणांवर फार वेळ काढू नका.

आरबरोबर सरावासाठी काही माहितीसंच आयते येतात. त्यातला एक मोटारींचा आहे. अमेरिकेतल्या एका मासिकातून घेतलेल्या, १९७३-७४ सालच्या ३२ गाड्या. दुसरा न्यूयॉर्कच्या हवेचा, १९७३ च्या मे ते सप्टेंबरमधल्या १५३ दिवसांचा. जगभरातली मुलं यावर सराव करतात. चांगलेच आहेत ते. पण न्यूयॉर्कमध्ये १९७३ च्या जुलैत ओझोन किती होता याच्याशी गंगापूर तालुक्यातल्या माणसाचं काय देणंघेणं? उत्तर चुकलं तरी आपल्याला कळत नाही, बरोबर आलं तरी आनंद होत नाही. आकडा ओळखीचा असेल तरच तो चुकल्यावर खटकतो. म्हणून पहिल्याच महिन्यात आपल्या घरातले, गावातले, आपल्या कामातले आकडे घ्यावेत.

मी आप्पांची वही घेतली.

नातेवाईकांना ही वही माहीत आहे, इतरांसाठी सांगते. आप्पा म्हणजे माझे वडील. ७२ चा दुष्काळ त्यांनी भर उमेदीत पाहिला. खडी फोडायला गेलेली माणसं, सुकडी, गाव सोडून गेलेली बिऱ्हाडं, हे सगळं पाहिल्यावर पुढच्या वर्षी त्यांनी शेतात एक पर्जन्यमापक बसवला आणि १९७३ च्या जूनपासून रोज सकाळी साडेआठला मोजनळीने पाऊस मोजून वहीत लिहायला सुरुवात केली. ते १९९६ पर्यंत लिहीत होते. २४ पावसाळे. जून ते सप्टेंबर धरले तर एका पावसाळ्याचे १२२ दिवस, म्हणजे २४ पावसाळ्यांच्या २,९२८ ओळी. मी आणि माझी चुलत बहीण, दोघींनी मिळून दिवाळीच्या सुट्टीत त्या टाइप केल्या.

टाइप करताना लक्षात आलं की आप्पा चार तऱ्हांनी लिहायचे. कुठे आकडा, १२ किंवा ३० मिलिमीटर. कुठे स्पष्ट शून्य. कुठे नुसताच शब्द, 'झिरझिर'. म्हणजे पाऊस पडला, पण नळीत मोजण्याइतका जमला नाही. आणि कुठे रकाना सरळ रिकामा.

एरवीच्या स्प्रेडशीटमध्ये हे सगळं घालून सरासरी मागितली की ती लगेच मिळते. सूत्र रिकामे रकाने आणि शब्द गुपचूप सोडून देतं आणि उरलेल्यांची सरासरी हातात ठेवतं. सोय म्हणून उत्तम. पण काय सोडलं, किती सोडलं, ते सांगत नाही.

आर तसं करत नाही. 'झिरझिर' हा एक शब्द दिसला की तो अख्खा रकानाच अक्षरांचा मानतो, आणि सरासरी मागितली की म्हणतो, हे आकडे नाहीत. शब्द काढून टाकले आणि रिकाम्या जागा राहिल्या की त्या ठिकाणी तो 'एनए' लिहितो. एनए म्हणजे माहीत नाही, उपलब्ध नाही. आता सरासरी मागा. उत्तर येतं एनए! २,९२८ पैकी एक जरी जागा रिकामी असली तरी उत्तर 'माहीत नाही'. नवशिका इथे हमखास वैतागतो. न्यूयॉर्कच्या त्या हवेच्या संचातही ओझोनच्या रकान्यात १५३ पैकी ३७ जागा रिकाम्या आहेत, त्यामुळे जगभरातले नवशिके तिथेच पहिल्यांदा अडतात.

पण शांतपणे विचार केला तर आर बरोबर बोलतोय. चार दिवसांची नोंद घ्या. १२, ०, रिकामा, ३०. सरासरी किती? रिकामा दिवस सोडला तर ४२ भागिले ३, म्हणजे १४. रिकामा म्हणजे शून्य धरलं तर ४२ भागिले ४, म्हणजे साडेदहा. दोन्ही उत्तरं गणित म्हणून बरोबर. खरं कोणतं ते गणिताला माहीतच नाही. त्या दिवशी काय झालं होतं ते माहीत असलेल्या माणसालाच ते सांगता येईल. म्हणून आर थांबतो आणि आपल्याकडे बघतो. 'एनए सोडून दे' असं सांगायचं असेल तर आज्ञेत तसं स्वतःच्या हाताने लिहावं लागतं. लिहिलं की ते कायमचं लिहिलं जातं. उद्या कुणी विचारलं तर दाखवता येतं.

आपल्या सरकारी भाषेत याला किती छान शब्द आहे, निरंक. तहसीलला माहिती पाठवताना काही नसेल तर रकाना मोकळा सोडायचा नाही, 'निरंक' लिहायचं. म्हणजे आम्ही पाहिलं, विचारलं, आणि काही नाही. मोकळा रकाना म्हणजे पाहिलंच नाही. जुन्या कारकुनांना हा फरक पक्का ठाऊक होता. आपण कॉम्प्युटरवर आलो आणि विसरलो.

वहीतला सगळ्यात मोठा मोकळा तुकडा १९८६ च्या ऑगस्टचा निघाला. सलग १९ दिवस. ते वर्ष कोरडंच होतं, त्यामुळे पाऊस नव्हता म्हणून आप्पांनी लिहिलं नसेल असं बहिणीचं म्हणणं. मला ते पटेना, कारण कोरड्या दिवशी ते शून्य लिहायचेच. आरने तर हट्टच धरला होता. मग काकूंना फोन लावला. काकू ८१ वर्षांच्या आहेत, सकाळी काय खाल्लं ते विसरतात. पण ८६ चा ऑगस्ट म्हटल्याबरोबर म्हणाल्या, "अगं, तेव्हा भाऊजी घाटीत होते ना. टायफॉइड झाला होता. नागपंचमीला घरात काही केलं नव्हतं आपण. आणि पाऊस झाला होता गं एक दिवस, चांगला. ओढ्याला पाणी आलं म्हणून मला दवाखान्यात डबा नेता आला नव्हता."

मी तेव्हा शिकायला बाहेर होते. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

आता सांगा, त्या १९ जागांवर शून्य भरलं असतं तर वही काय म्हणाली असती? त्या ऑगस्टमध्ये १९ दिवस पाऊसच नव्हता, असं खोटंच काहीतरी. आणि आप्पांचं आजारपण, काकूंचा डबा, ओढ्याचं पाणी, सगळंच त्या शून्याखाली गाडलं गेलं असतं. मी त्या जागा एनएच ठेवल्या. बाजूला एक रकाना वाढवून त्यात कारण लिहिलं, 'मोजणारा आजारी'. आणि 'झिरझिर'साठीही वेगळा रकाना केला, कारण आप्पांनी तो शब्द काहीतरी सांगण्यासाठीच लिहिला होता. हा मजकूर देवनागरीत आहे आणि माझ्या विंडोजच्या लॅपटॉपवर नीट दिसतो. पूर्वी विंडोजवर आरमध्ये मराठी अक्षरांच्या जागी अगम्य सांकेतिक आकडे दिसायचे. २०२२ मधल्या ४.२ आवृत्तीपासून ती अडचण गेली.

हे फक्त आमच्या घरचं म्हणून सोडून देऊ नका. मराठवाड्यात पावसाचा आकडा म्हणजे पैशांचा आकडा. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडला की अतिवृष्टी, त्यावर नुकसानीचे पंचनामे ठरतात. २०२३ चा ऑगस्ट देशभर कोरडा गेला तेव्हा आपल्याकडे जो तो '२१ दिवसांचा खंड' म्हणत होता, कारण पीकविम्याचा विषय त्याच्याशी जोडलेला होता. आणि आपण पेपरात वाचतो काय, तर 'जिल्ह्यात सरासरीच्या इतके टक्के पाऊस'. समजा एका मंडळात ऑगस्टमध्ये १० मिलिमीटरचे १२ पाऊस झाले आणि शेजारच्या मंडळात ६० मिलिमीटरचे दोन. दोन्हीकडे १२० मिलिमीटरच. सरासरी सारखी. पण एकीकडे कपाशी उभी आणि दुसरीकडे आधी सुकलेली, मग वाहून गेलेली.

हा फरक बघायला आरमध्ये एक इवलीशी आज्ञा आहे, आर-एल-ई. एकसारख्या गोष्टी सलग किती वेळा आल्या ते ती मोजते. अडीच मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस म्हणजे कोरडा दिवस असं धरलं, तर दर पावसाळ्यातला सगळ्यात लांब कोरडा खंड दोन ओळींत मिळतो. कोडिंग न येणाऱ्या माणसाने लिहिलेल्या दोन ओळी! त्यातही गंमत म्हणजे मध्ये एनए आला की ही आज्ञा तो खंड तिथेच तोडते. मोजलं नाही त्या दिवशी कोरडं होतं की ओलं, हे ती स्वतःच्या मनाने ठरवत नाही. पुन्हा प्रश्न आपल्याकडे.

आता माझा खरा मुद्दा, ज्यावर काही जण रागावतील.

कोणत्याही विद्यापीठाच्या आसपास फिरा. झेरॉक्सच्या दुकानांच्या काचेवर टायपिंग, बाइंडिंगच्या खाली आणखी एक ओळ दिसते, 'डेटा ॲनालिसिस करून मिळेल'. विद्यार्थी गावोगाव हिंडून, उन्हातान्हात प्रश्नावल्या भरून आणतो. चार-चार तास एसटीने जातो, लोकांच्या ओट्यावर बसतो, त्यांचा विश्वास मिळवतो. आणि मग तो सगळा गठ्ठा एका अनोळखी माणसाच्या हातात देतो. तो आठ दिवसांत तक्ते, आलेख आणि प्रकरण चौथं तयार करून देतो. मोकळ्या रकान्यांचं काय केलं, असं विचारा. विद्यार्थ्याला माहीत नसतं. मार्गदर्शकाला माहीत नसतं. ज्याने केलं त्याला आठवत नसतं. तोंडी परीक्षेला विद्यार्थी घाबरलेला असतो, आणि लोकांना वाटतं त्याला विषय येत नाही. विषय त्याला येतो. त्याच्याच कष्टाचं पुढे काय झालं, ते त्याच्यापासून लपलेलं असतं.

मी त्या दुकानदारांना दोष देत नाही, त्यांचंही पोट आहे. विद्यार्थ्यांनाही फार देत नाही, त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं. पण ज्या बाईने विश्वासाने सांगितलं की घरात खाणारी माणसं किती आणि कमावणारी किती, तिच्या उत्तराचं काय केलं हे आपल्याला सांगता यायला हवं. एवढं तरी तिचं देणं लागतो.

'आपण सामान्य माणसं, आपल्या चौथ्या प्रकरणाने जगाचं काय बिघडणार' असं कुणी म्हणेल. तर मोठ्यांची गोष्ट ऐका. २०१० मध्ये कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांनी एका निबंधात मांडलं, की देशावरचं कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की सरासरी वाढ उणे ०.१ टक्का होते. जगातल्या पुढाऱ्यांनी खर्चकपातीच्या बाजूने हा निबंध पुढे केला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला थॉमस हर्नडन नावाचा विद्यार्थी वर्गातला गृहपाठ म्हणून तेच गणित पुन्हा करायला बसला. जमेना. त्याने लेखकांकडे फाइल मागितली, त्यांनी दिली. स्प्रेडशीटच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी सुटलेल्या होत्या. शिवाय काही वर्षं घेतलेली नव्हती आणि देशांना वजन देण्याची पद्धतही वादाची होती. त्याच्या आणि त्याच्या प्राध्यापकांच्या हिशेबाने तो आकडा २.२ टक्के आला. सूत्रातली चूक मूळ लेखकांनी मान्य केली, बाकीचा वाद पुढे चालू राहिला. लेखकांनी फाइल दिली हे त्यांचं मोठेपणच. पण तीन वर्षं ती चूक कुणाला दिसली नाही, कारण सूत्रं रकान्यांच्या मागे लपलेली असतात.

उलट आपल्याकडचं एक चांगलं उदाहरण. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास मांडला. माणशी रोजचे २,२५० उष्मांक हा आधार धरल्याचं त्यांनी उघड लिहिलं होतं. पुढे पांडुरंग वासुदेव सुखात्मे या साताऱ्याकडच्या संख्याशास्त्रज्ञांनी त्या पद्धतीवरच बोट ठेवलं. माणसाची गरज रोज आणि माणसागणिक बदलते, तेव्हा सरासरी गरजेच्या खाली दिसणारा प्रत्येक जण उपाशी म्हणता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही बाजू पुण्यातल्याच, आणि वाद चांगला रंगला. कोण बरोबर हे ठरवायची माझी पात्रता नाही. पण वाद होऊ शकला, कारण काय धरलं आणि काय सोडलं ते कागदावर होतं. लिहिलेलं असतं तिथेच भांडता येतं. :)

आता आक्षेप.

पहिला, एसपीएसएससारख्या मेनूवाल्या सॉफ्टवेअरमध्ये हेच काम बटणं दाबून होतं, मग हा खटाटोप कशाला? खरं आहे, होतं. केलेल्या कामाच्या आज्ञा तिथेही जपून ठेवता येतात, ठेवणारे ठेवतात. पण ते ऐच्छिक आहे. आरमध्ये स्क्रिप्ट लिहूनच काम करायची सवय लागते. वर्षभराने फाइल उघडली तरी ओळीओळीने दिसतं की मी काय केलं होतं.

दुसरा आक्षेप माझ्या भाच्याचा. तो पुण्यात आयटीत आहे. "मावशी, आता एआयला सांग, तो कोड लिहून देतो. शिकायचे दिवस गेले." अरे बाबा, देतो, मी पाहिलंय, आणि छान देतो. अडलेल्या ठिकाणी मी विचारतेही. पण 'एनए सोडून दे' ही ओळ तोही सहजपणे घालून देतो. ती ओळ वाचता आली नाही तर झेरॉक्सच्या दुकानातला माणूस आणि तो, यात फरक काय राहिला? दुकान घरात आलं, इतकंच. आणि ८६ च्या ऑगस्टमध्ये भाऊजी घाटीत होते हे त्याला कुठून कळणार? त्यासाठी काकूंनाच फोन करावा लागतो.

तिसरा आक्षेप इंग्रजीचा, आणि तो मला सगळ्यात जवळचा. आज्ञा इंग्रजीत, चुकांचे निरोप इंग्रजीत, पुस्तकं इंग्रजीत. मराठी माध्यमातली मुलं इथेच गळतात. पण रोज लागणाऱ्या आज्ञा मोजून तीस-चाळीस आहेत. तेवढे शब्द तर आपण क्रिकेटमुळेही शिकलो. मी एका जुन्या वहीत डावीकडे आज्ञा आणि उजवीकडे मराठीत तिचं काम असं लिहीत गेले. माझ्या दोन विद्यार्थिनींनी ती वही झेरॉक्स करून नेली. एक कन्नडकडची, एक सिल्लोडची. दोघींनी आपापलं चौथं प्रकरण स्वतः लिहिलं. त्यातल्या एकीने तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांना ठामपणे सांगितलं, "सर, २१२ पैकी १७ बायकांनी उत्पन्न सांगितलं नाही. मी ते शून्य धरलेलं नाही. त्या नवऱ्यासमोर बोलत होत्या." परीक्षक दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग त्यांनी त्या सतरा जणींबद्दलच विचारायला सुरुवात केली, आणि ती अर्धा तास बोलत राहिली.

तेव्हा सुरुवात करणाऱ्यांना माझं सांगणं थोडक्यात. घरातली एखादी वही शोधा. दुधाचा हिशेब, विजेची बिलं, आजोबांची पीकनोंद, मुलांच्या उंचीच्या खुणा, काहीही चालेल. शंभर ओळी पुरेत. त्या टाइप करा, आरमध्ये घ्या, आणि पहिल्यांदा सरासरी मागू नका. आधी विचारा की रिकाम्या जागा किती आहेत. त्यासाठी एक छोटी आज्ञा आहे, ती पहिल्या दिवशी शिका. मग त्यातल्या प्रत्येक जागेसाठी घरातल्या मोठ्या माणसांना फोन करा. हो, हेही संख्याशास्त्रच आहे.

आमच्या वहीतल्या काही जागा अजून एनए आहेत. १९९१ च्या जुलैत सहा दिवस, १९९४ च्या सप्टेंबरात तीन. नातेवाईक मंडळींपैकी कुणाला काही आठवत असेल तर खाली कॉमेंटमध्ये लिहा, नाहीतर रात्री आठनंतर फोन करा. नाही आठवलं तरी हरकत नाही. 'माहीत नाही' असंच लिहून ठेवीन.